ठेंगू नळी आणि माहेरचे कपाट

३ मार्च, सकाळ

मेहुण्याने नव्या वर्षाची डायरी दिली. मार्चमध्ये. दुकानात उरल्या होत्या म्हणे. त्याचे टीव्हीचे दुकान आहे, म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक चपटा टीव्ही छापलेला. आधी वाटले, त्याच्याच अंगावर फेकावी. मग विचार केला, शत्रूच्या कागदावर क्रांती लिहिण्याइतका गोड सूड दुसरा नाही.

संकल्प: काचेची पिक्चर ट्यूब जगाला परत द्यायची. त्यासाठी कमी बोलायचे. जिभेत वाया जाणारी ताकद हातात उतरवायची. आणि मेहुण्याशी वाद घालायचा नाही.

३ मार्च, दुपार

मेहुण्याशी वाद झाला. चूक त्याची. जेवायला बसल्यावर म्हणाला, दाजी, ट्यूबचा जमाना गेला, आता भंगारवालासुद्धा ती दिसली की सायकल जोरात मारतो. मी मोजक्या शब्दांत उत्तर दिले. मोजक्या शब्दांना वेळ लागतो. ताटे वाळली. जाताना बहिणीला विचारत होता, ताई, दाजींचा आवाज कमी करायचं बटण कुठं असतं गं?

ही हसली. नोंद करून ठेवतो. ही हसली.

४ मार्च

वस्तुस्थिती एकदा लिहून काढली पाहिजे. ही डायरी कोणासाठी नाही, पण इतिहासाला कधी काय लागेल सांगता येत नाही.

पिक्चर ट्यूबच्या कारखान्यात माझे उभे आयुष्य गेले. अर्धे डिझाइन विभागात, अर्धे फाटकावर भाषण करण्यात. कारखाना बंद झाला त्या दिवशी कोणी खुर्च्या नेल्या, कोणी पंखे. मी ठेंगूला कडेवर घेऊन घरी आलो.

ठेंगू म्हणजे माझी नळी. नेहमीच्या नळीत मागच्या मानेतून इलेक्ट्रॉनची धार सुटते, मानेवरचे तांब्याच्या तारेचे वेटोळे त्या धारेला इकडेतिकडे वळवते आणि ती काचेवर चित्र रंगवते. धार हळूहळू वळते म्हणून नळी लांब. नळी लांब म्हणून टीव्हीला ढेरी. मी म्हटले, धारेला जोरात वळवा, ढेरी आपोआप उतरेल. ठेंगू हा त्या डिझाइनचा एकुलता एक नमुना. साहेबांनी फाइलवर तीन शब्द लिहिले, ‘कोपरे वाकडे येतात’. संपले. चार कोपऱ्यांसाठी एक अख्खे युग मारले!

आता नवे वेटोळे मी स्वतः गुंडाळणार. कोपरे सरळ करणार. जगाची ट्यूबबद्दल तक्रार एकच होती, जाडी. ती मिटली की चपट्यांनी भिंतीवरून उतरावे.

५ मार्च

घरातून विरोध. कोणत्याही विचाराला पहिला विरोध घरातूनच होतो.

पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर ठेंगू, शेजारी हिचे माहेरचे आरशाचे लोखंडी कपाट. मागच्या गॅलरीत फाटकावरच्या भाषणांतले माझे दोन भोंगे. एवढाच माझा पसारा. हिचे म्हणणे, ती इतकी वर्षे स्वयंपाकघराच्या दारात मशीन मांडून शिवते, पायाशी गॅसची टाकी, दार कधी पूर्ण लागलेले नाही. आता सहा बायका शिवण शिकायला यायच्या म्हणतात. त्यांना काय मी ओट्यावर बसवू? एक तारखेपासून पुढची खोली हवी.

वाटाघाटी झाल्या. मी वीस मिनिटे बोललो, ती एक वाक्य बोलली. चार लोकांसमोर तुमच्या त्या नळीवर नीट चित्र दाखवा, मी खोलीचं नाव काढणार नाही. नाही दिसलं, तर एक एप्रिलला खोली माझी.

मान्य केले. बिचारीला काय ठाऊक, तिने कोणाशी पैज लावली आहे.

७ मार्च

वेटोळे गुंडाळायला सुरुवात. अफाट कल्पना सुचली. शिवणाच्या मशीनला बॉबिन भरायचे चाक असते. ते दोरा गुंडाळते, तर तार का नाही?

नाही. तार तुटून मशीनच्या पोटात गेली. हिची पडद्यांची ऑर्डर होती. एका पडद्याच्या काठात दोन वीत तांबे शिवले गेले. ही म्हणाली, गिऱ्हाइकाला काय सांगू, पडद्याला करंट येतो म्हणून? मशीनला कुलूप लावले आहे.

संकल्प: वेटोळे हातानेच.

९ मार्च

हात बसला. एक फेरा दुसऱ्यावर चढत नाही, तारेला कुठे पीळ नाही. ही जाता जाता थांबली, वाकून पाहिले आणि म्हणाली, हे मात्र छान जमतं हो तुम्हाला.

एवढ्या मोठ्या शोधातले हिला गुंडाळणेच दिसले.

११ मार्च

चित्र आले! मी ओरडलो. शेजारच्यांनी काय झाले म्हणून भिंत वाजवली.

आकाराबद्दल थोडे. बाजू आत गेल्या आहेत, कोपरे बाहेर ताणले आहेत. बातम्या देणारी बाई उशीच्या अभ्र्यावर छापल्यासारखी दिसते. ही म्हणाली, बाई मधे चांगली आहे, पण डावीकडं गेली की तिला गालगुंड होतं.

प्रगती आहे. काल बाई नव्हतीच.

१२ मार्च

प्रात्यक्षिक ठरवून टाकले. २८ मार्च, वाचनालयाच्या वरचा हॉल. तिथल्या विज्ञान मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. मी सविस्तर बोललो. शेवटी ते म्हणाले, हॉल देतो, आता माझा फोन सोडा, खुर्चीत पेशंट आ करून बसलाय.

तारीख आधी, काम मागून. मोठी कामे अशीच होतात. दुपारी भाषणाला बसलो. सुरुवात माणसाने गुहेच्या भिंतीवर काढलेल्या पहिल्या चित्रापासून.

१४ मार्च

वेटोळ्यात तीन फेरे वाढवले, खाली एक काढला. कोपरे सरळ! फूटपट्टी लावून पाहिली. साहेब, आज तुम्ही जिथे असाल तिथे तुमचा कान लाल झाला असेल.

आता फक्त रंग. चाचणीसाठी फळांच्या टोपलीची फिल्म लावतो. टोमॅटो ठीक, केळी डावीकडून हिरवी. पिकायची आहेत म्हणावीत तर ती तासभर तशीच. चुंबकाचा दोष घालवायची मोठी रिंग पडद्यासमोर गोल गोल फिरवली. ही दारात उभी राहून म्हणाली, टीव्हीची दृष्ट काढताय? मीठमोहऱ्या देऊ का?

विज्ञानाची टिंगल करणे सोपे असते.

कारखान्यात या रंगांसाठी केवढी शिस्त! लोखंड जवळ आले की धार भरकटते आणि रंग फिरतात, म्हणून नळी जुळवायच्या टेबलाला लोखंडाचा खिळासुद्धा नसे. सगळे लाकूड आणि पितळ. एकदा एका नव्या इंजिनीअरच्या खिशातली किल्ली निघाली, तर मी त्याला सगळ्या विभागासमोर असा सोलला की तो नंतर बदली मागून गेला. हा प्रसंग भाषणात घ्यायचा.

भाषण आता वाफेच्या इंजिनापर्यंत आले आहे.

१७ मार्च

मानेवरच्या चुंबकाच्या चकत्या तीन दिवस केसाकेसाने फिरवत होतो. आज केळी पिवळी. टोमॅटो लाल. द्राक्षे द्राक्षांसारखी. कोपरे सरळ. ठेंगू पूर्ण झाला.

डोळ्यांत पाणी आले. हिला सांगितले, पडद्याकडे एकटक पाहिल्यामुळे.

१७ मार्च, संध्याकाळ

ही कापड काढायला आली आणि कपाटाचे दार उघडले. केळी जांभळी झाली. तिने दार लावले, पिवळी.

विजेचा दाब कमीजास्त होतो आहे. वीज कार्यालयाला कडक तक्रार केली.

१८ मार्च

पुन्हा तेच. योगायोग. हिने मुद्दाम चार वेळा दार उघडले आणि लावले. म्हणाली, अहो, तुमची केळी माझ्या दाराला घाबरतात.

मी म्हटले, काम चालू असताना कपाट उघडायचे नाही. ती म्हणाली, मग काय नेसू, टीव्हीचा खोका?

१९ मार्च

झाडायला म्हणून हिने कपाट वीतभर ओढले आणि सगळी टोपली जांभळी झाली.

मी कपाट वीतभर परत ढकलले. केळी पिवळी.

म्हणजे मी रंग कपाटाला धरून जुळवले. लोखंडाच्या कपाटाला. किल्लीसाठी माणूस सोलणारा मी. पण हे विसरणे नव्हे. एखादी वस्तू वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहिली की ती लोखंडाची राहत नाही, तिची भिंत होते. भिंतीला कोण चुंबक लावून पाहतो?

१९ मार्च, थोड्या वेळाने

दृष्टिकोन बदलला. कपाट हा दोष नाही. कपाट हा डिझाइनचा भाग आहे.

ही टेप घेऊन आली. आधी ठेंगूची जाडी मोजली, मग कपाटाची. बेरीज तोंडाने केली, मोठ्याने. म्हणाली, जुन्या टीव्हीला नुसती ढेरी होती, याला तर बरोबर पैलवान लागतो. कपाट बाजूला करून पहिल्यापासून जुळवा ना, अजून नऊ दिवस आहेत.

तिचे चूक नाही. पण तिला माहीत नाही की भाषण अजून अर्धेच झाले आहे.

२१ मार्च

निर्णय: कपाटही हॉलमध्ये न्यायचे.

ही म्हणाली, ते माझ्या माहेरचं आहे, माझ्या भावाला विचारा. मी म्हटले, तुझ्या भावाला मी या जन्मात काही विचारणार नाही. ती म्हणाली, टेम्पोपण त्याचाच आहे.

२२ मार्च

मेहुण्याला विचारले.

त्याने दुकानातल्या सगळ्या माणसांना जवळ बोलावले आणि मला पुन्हा पहिल्यापासून विचारायला लावले. मग म्हणाला, दाजी, तुमच्यासाठी टेम्पो हजर, हमाल हजर. आमच्या टीव्हीबरोबर आम्ही फक्त रिमोट देतो, तुम्ही कपाट देताय, हे गिऱ्हाइकाला आवडेल.

सगळे दुकान हसले. बाहेर आल्यावर उत्तर सुचले. भाषणात घेतो.

२५ मार्च

भाषण पूर्ण. हिला वाचून दाखवले. ती काजे करत ऐकत होती. अखेरीस म्हणाली, यात ठेंगू कधी येतो? मी म्हटले, समारोपात. ती म्हणाली, तोवर लोक असतील का?

भोंगे गॅलरीतून काढले, पुसले, चालवून पाहिले. अजून तोच दणका. पाठीमागचे चुंबक तव्याएवढे. ही म्हणाली, हॉल केवढा, माणसं किती, भोंगे कशाला? शेवटच्या बाकावरच्या माणसालाही विचार ऐकण्याचा हक्क असतो, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, शेवटचा बाक चौथाच आहे.

२८ मार्च

पूर्ण विजय. तपशील असा.

दोन हमालांनी कपाट जिन्यावरून चढवले. वळणावर एकाने विचारले, साहेब, यात काय भरलंय? मी म्हटले, भविष्य. तो म्हणाला, जड आहे.

घरच्या टेबलाचे आणि कपाटाचे अंतर हिने आधीच टेपने मोजून ठेवले होते. हॉलमध्ये तिने स्वतः शिवणाच्या खडूने जमिनीवर खुणा केल्या आणि बोटभरसुद्धा इकडचे तिकडे होऊ दिले नाही. टेबलाचे तोंडही घरच्यासारखेच उत्तरेला ठेवले. मी म्हटले, जिंकलो तर तुझी खोली जाईल. ती म्हणाली, गप्प बसा आणि तुमचं ते चालू करा.

चालू केले. केळी पिवळी.

बावीस माणसे होती. सगळे बाकांवरून पुढे वाकले. मग टाळ्या वाजल्या. मेहुणा पुढे आला, ठेंगूला बाजूने पाहिले, मागून पाहिले, कोपऱ्यावर बोट फिरवले आणि हळू आवाजात म्हणाला, दाजी, हे तर खरंच सरळ आहे हो.

त्या क्षणी मी थांबायला हवे होते, असे हिचे मत आहे. पण भाषण बाकी होते.

भोंगे कोपऱ्यातून आणवले आणि ठेंगूच्या दोन्ही बाजूंना उभे केले. नळीही दिसावी, विचारही यावा, दोन्ही एकाच दिशेने. मी ठेंगूकडे पाठ करून माइक हातात घेतला. गुहेतल्या चित्राला हात घातला मात्र, सगळ्या बाकांवर डोळे विस्फारले. अशी पकड पहिल्याच वाक्याला कधी बसली नव्हती. कोणी तोंडावर हात ठेवला, कोणी शेजाऱ्याला कोपर मारले. मी आवाज चढवला.

ही उभी राहून ओरडली, अहो, भोंगे मागे घ्या! हिला माझ्या आवाजाचे वावडे जुनेच आहे. मी हातानेच तिला बसवले. मग मेहुणा उठला आणि सरळ एक भोंगा उचलायला लागला. भरसभेत घातपात! मी तो त्याच्या हातातून ओढून होता त्याहून जवळ ठेवला. तेव्हा सभा हसली. मला वाटले, मेहुण्याला.

वाफेच्या इंजिनापाशी अध्यक्ष स्टेजवर आले आणि त्यांनी मला खांद्याला धरून वळवले.

टोपलीत भोवरा उठला होता. केळी जांभळी, टोमॅटो निळे, द्राक्षे कुठे गेली कळेना. भोंग्यांचे चुंबक. तव्याएवढे. मीच पुसलेले.

अध्यक्षांनी माइकवर हात ठेवला आणि म्हणाले, आयुष्यभर मी लोकांना तोंड उघडा म्हणत आलो, आज पहिल्यांदा मिटा म्हणतोय. भोंगे खाली न्या, ती रिंग फिरवा, दोन मिनिटं काही बोलू नका. आम्ही सगळे बसून तुमचं चित्र बघतो. बाकांवरून होकार आला. मेहुणासुद्धा म्हणाला, दाजी, फक्त दोन मिनिटं.

मी विचार केला. चित्र लोक कधीही पाहू शकतात. समारोप मात्र त्याच क्षणाचा असतो.

समारोप केला. अत्यंत प्रभावी झाला. शेवटच्या बाकापर्यंत आवाज स्पष्ट पोचत होता, कारण मधे कोणी उरले नव्हते. शेवटपर्यंत थांबले ते तिघे. ही; टेम्पोसाठी मेहुणा; आणि अध्यक्ष, कारण हॉलची किल्ली त्यांच्याकडे.

२९ मार्च

शांतपणे मूल्यमापन. वेटोळे: यशस्वी. कोपरे: यशस्वी. ध्वनी: उत्तम. रंगांचा प्रश्न दुय्यम. जग कित्येक वर्षे काळ्यापांढऱ्यावर सुखी होते.

३१ मार्च

कपाट परत आले, पण पुढच्या खोलीत आरशाचे तोंड आता मशीनकडे. बायकांना कपडे घालून पाहायला आरसा लागतो. ठेंगू गॅलरीत, दोन भोंग्यांच्या मधे. आता हरकत नाही.

हिने विजयाचा डंका पिटला नाही. पिटला असता तर मला उत्तर देता आले असते. फरशीवरची तारेची टोके वेचता वेचता म्हणाली, मी तर खोली गेली असंच धरलं होतं. केळी पिवळी दिसली तेव्हा मीपण टाळ्या वाजवल्या. अहो, दोनच मिनिटं होती.

याला माझ्याकडे सविस्तर उत्तर आहे. ती पडदे घेऊन बसली, म्हणून राहिले.

१ एप्रिल

क्लास सुरू. सहा म्हणता आठ बायका आल्या, आपापली मशीन घेऊन. पलंगाखाली मेहुण्याने बहिणीला दिलेला चपटा टीव्ही खोक्यातच पडून होता. तो हिने भिंतीवर लावून घेतला, बायकांना डिझाइन दाखवायला. मेहुणा स्वतः खिळे ठोकायला आला. जाताना म्हणाला, दाजी, कोपरे तुम्ही सरळ केलेत, हे मी दुकानात सगळ्यांना सांगितलं बरं का.

खवचटपणे म्हणाला असावा. चेहरा तसा दिसत नव्हता, पण असावा.

संध्याकाळी चपट्यावर बातम्या पाहिल्या. शत्रूचा अभ्यास म्हणून.

४ एप्रिल

क्लासला बॉबिन भरून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मशीनचे चाक सैल भरते, माझा हात घट्ट आणि सारखा भरतो. बायका रांग लावतात, काका, माझं आधी. श्रोतृवर्ग चांगला आहे. बॉबिन भरता भरता मी गुहेतल्या चित्रापासून सुरुवात करतो. तेवढ्यात आठही मशीन एकदम चालू होतात.

संकल्प: भोंगे परत काढायचे का, याचा विचार करणे.

८ एप्रिल

आज आठवड्याचे काम पूर्ण झाले, सरळ शिवण आणि चौकोनी कोपरा. सरावाला चौकोनी वस्तू हवी होती, म्हणून हिने बायकांना गॅलरीत नेऊन ठेंगूची मापे घ्यायला लावली. आठ जणींनी मिळून त्याला खोळ शिवली. जाड, निळी, धूळ लागू नये म्हणून. मला बोलावून ही म्हणाली, चढवून बघा, तुमचा आहे.

मी चढवली. कुठे ओढली नाही, कुठे झोळ नाही. चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवले. सरळ.

मी दोन मिनिटे काहीच बोललो नाही. बायकांनी मशीन थांबवली आणि हिला विचारले, काकांना बरं नाही का?